आधी कोण प्यालं

शर्यतीत पळताना पाणी पिऊ नये, असं धर्मपाल ज्याला त्याला सांगायचा. शाळेतल्या ड्रिलमास्तरांचं हे एवढं एकच वाक्य त्याच्या डोक्यात टिकलं होतं. बाकीची शाळा केव्हाच गळून गेली होती. आता तो सोलापुरात पाणीपट्टीच्या कचेरीत कारकून होता. पोट पट्ट्यावरून खाली डोकावत होतं आणि पळणं उरलं होतं ते साहेबाच्या आधी खुर्ची गाठण्यापुरतं. तरी बहात्तरच्या दुष्काळानंतर दोन-तीन वर्षांनी एप्रिलात, जयंतीच्या आठवड्यात, वस्तीतल्या मंडळानं जवळच्या कुंभारी गावाला जाऊन परत यायची शर्यत ठरवली, तेव्हा बैठकीत सगळ्यांत आधी हात वर गेला तो धर्मपालचा. तो का गेला, हे त्याला स्वतःलाही कधी सांगता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी त्यानं ही बातमी शेजारच्या टेबलावरच्या रुद्रप्पाला ऐकवली. रुद्रप्पा त्याच्याच वयाचा, अंगानं त्याच्याहून दोन बोटं जास्तच.

"तुमी पळनार?" रुद्रप्पानं बशी खाली ठेवली. "मग आमी काय बसून ऱ्हावं व्हय?"

"पळा की. पन मधी पानी प्यायचं न्हाय, बघा. पानी प्यालं की गडी संपला."

"आमाला काय सांगताय? आमी घरनं निघाल्यावर थुकीसुदा गिळत न्हाय."

झालं. बोलता बोलता असं ठरून गेलं की जो आधी पाणी पिईल तो हरला. कुंभारी बाजूला राहिली.

शर्यतीच्या दिवशी पहाटे विठाबाईनं, म्हणजे धर्मपालच्या बायकोनं, ताकाचा तांब्या पुढं केला.

"प्या अवं. ऊन लई हाय आज."

"पोटात डुचमळतंय ते."

"डुचमळू द्या की. हितं कोन कान लावून बसलंय?"

पण धर्मपाल नियमाचा पक्का. आदल्या रात्रीपासूनच त्यानं पाणी सोडलं होतं. नियम पळण्यापुरता होता, पण सराव म्हणून.

शर्यत उजाडायलाच सुटायची होती. शिट्टी वाजवायला बोलावलेले पाहुणे आले ते ऊन चांगलं तापल्यावर, आणि आल्यावर व्यायामाच्या महत्त्वावर सविस्तर बोलले. पळणारी पोरं मांडवाच्या सावलीत बसून पाणी पीत होती, टॉवेल भिजवून डोक्याला गुंडाळत होती. धर्मपाल आणि रुद्रप्पा मात्र उन्हात ताठ उभे होते, कारण दोघांपैकी कुणालाच आधी सावलीत जायचं नव्हतं.

शिट्टी वाजली आणि पोरं भुर्रकन निघून गेली. हे दोघं मागं, खांद्याला खांदा लावून, एकमेकांकडं न बघता एकमेकांवर डोळा ठेवून. गावाच्या वेशीपाशी वस्तीतल्या सारजाबाई पळणाऱ्यांसाठी माठ घेऊन बसल्या होत्या.

"या, धर्मपालराव! घोटभर घ्या की!"

गार पाण्यानं ओला झालेला माठ, त्यावरचा पेला. धर्मपालनं रुद्रप्पाकडं पाहिलं. रुद्रप्पानं धर्मपालकडं पाहिलं. दोघांनीही मान हलवली आणि पुढं गेले. मागून सारजाबाईंचा आवाज आला, "आन् ही दोघं पानीपट्टीच्या हापिसात हायती म्हनं!"

पुढच्या माठापाशीही तेच झालं. कुंभारीहून परतताना धर्मपालच्या अंगाचा घाम आटला. जीभ टाळूला चिकटली. डांबर वितळून चपलांना धरत होतं, आणि अशा उन्हात त्याच्या अंगावर थंडीचा काटा उभा राहिला. हे लक्षण बरं नव्हे, हे त्याला कळलं. पण रुद्रप्पा अजून चालत होता. हो, चालत. पळणं केव्हाच सुटलं होतं.

रस्त्याकडेला एका मळ्यात लिंबाचं झाड होतं, शेजारी विहीर आणि जनावरांसाठी पाण्यानं भरलेली दगडी डोणी. दोघंही तिकडं वळले आणि सावलीत बसले.

"चपलीत खडा गेलाय," धर्मपाल म्हणाला.

"माज्याबी," रुद्रप्पा म्हणाला.

कुणीही चप्पल काढली नाही. मळ्याची मालकीण चंद्रव्वा मोटेजवळून आली आणि कमरेवर हात ठेवून बघत उभी राहिली.

"पानी देऊ का?"

"ह्यांना द्या आधी," दोघंही एकदम म्हणाले.

"कसला उपास हाय ह्यो?" म्हणत ती कपाळाला हात लावून निघून गेली.

तेवढ्यात तिची म्हैस आली. तिनं डोणीत तोंड घातलं आणि ती प्यायला लागली. घाई नाही, गडबड नाही. घशाखाली घोट उतरताना दिसत होता. धर्मपाल बघत राहिला. या जनावरानं कुणाशी पैज लावली नव्हती, बैठकीत हात वर केला नव्हता, ड्रिलमास्तरांचं काही ऐकलं नव्हतं. आपल्यापेक्षा म्हशीला जास्त अक्कल, असं त्याला पुस्तकी नव्हे, अगदी घशापासून वाटलं. पुढं काय झालं ते त्याला नीट आठवत नाही. तो उठला, आणि त्याचं डोकं म्हशीच्या डोक्याशेजारी पाण्यात होतं.

"प्याला!" रुद्रप्पा ओरडला. "धर्मपाल आधी प्याला! मी जितलो!" आणि असं म्हणत त्यानंही पलीकडून तोंड घातलं.

इतकं ढोसलं की धर्मपालला ओकारी होऊन सगळं बाहेर पडलं. चंद्रव्वा धावत आली.

"अय्यय्यो! म्हस तरी दमानं पिती!" तिनं दोघांना ओढून सावलीत निजवलं, टॉवेल भिजवून डोक्यावर टाकले आणि खापरीतून मीठ घातलेली आंबील आणली. "घोट घोट घ्यायचं. पुन्ना ढोसलं तर खापरी डोस्क्यात घालीन."

दोघंही मुकाट्यानं घोट घोट पीत राहिले. ऊन कलल्यावर कडब्याची एक बैलगाडी सोलापूरला निघाली होती. गाडीत बसलं की शर्यत बाद.

"चढा, धर्मपालराव."

"तुमी आधी."

शेवटी ते हाताला हात धरून एकदमच चढले.

मांडवात बक्षिसं वाटून झाली होती, दोघांना शोधायला सायकली निघाल्या होत्या. कडब्यावर बसलेले दोन धावपटू आले, तेव्हा लोकांनी विजेत्याला वाजवल्या नसतील एवढ्या टाळ्या वाजवल्या. विठाबाई गर्दीतून पुढं आली. तिनं नवऱ्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, आणि पाहुण्यांच्या देखत, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्यानं विचारलं, "अवं, लघवीला झालं का?"

"व्हय," धर्मपाल म्हणाला. "आत्ताच, वाटंत."

"मग अंगात पानी हाय. जगताय," म्हणून तिनं डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी धर्मपाल लवकर कचेरीत गेला. आपली फजिती दुसऱ्यानं सांगण्याआधी आपणच सांगावी, म्हणजे निदान तिखटमीठ आपल्या हातात राहतं. पण रुद्रप्पा त्याच्याही आधी येऊन बसला होता, आणि सगळी कचेरी त्याच्या टेबलाभोवती गोळा झाली होती.

"आन् मग ह्यांनी," रुद्रप्पा सांगत होता, "म्हशीला असं ढकललं बाजूला..."

"खोटं हाय," धर्मपाल आपली खुर्ची ओढत म्हणाला. "म्हस जाग्यावरनं हलली न्हाय. मीच अंग चोरून उभा ऱ्हायलो हुतो."