सावलीला माणूस हवा

प्रसिद्धी खात्यात माझं काम फोटोतली माणसं काढण्याचं. कोणी सरकारच्या मनातून उतरलं की त्याचं नाव कागदावर येतं आणि मी त्याला फोटोतून उतरवते. हात साफ आहे माझा. तीन वर्षांपूर्वी त्या कागदावर माझ्या दादाचं नाव आलं. कारखान्यात संप केला म्हणून त्याला उचलून नेलं होतं. मागोमाग घरातले सगळे आल्बम आणि फोनही नेले. कामगारांच्या फोटोतून त्याला मीच काढलं. स्वतःची लाज वाटली, तरी काढलं. नोकरी होती, घरात आई होती.

आई हल्ली म्हणायची, "चेहराच डोळ्यांपुढे येत नाही गं त्याचा. नुसते कान आठवतात."

यंदा खात्याला कलेची हुक्की आली. 'सुखी कामगार' नावाची खोली केली. चारही भिंतींवर आणि जमिनीवरही तोच कामगारांचा फोटो. आत शिरलं की थेट कामगारांच्या मधोमध. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी साहेब पाहणीला आले आणि खाली बघून थबकले. जमिनीवर एक लांब सावली होती, तिला माणूसच नव्हता. वीतभर फोटोत कोणाला न दिसलेली माझी चूक आता सहा फूट पसरली होती. माझं धाबं दणाणलं.

"सावली पुसते, साहेब."

"जमीन पुन्हा छापायला चार दिवस लागतील! उद्या मंत्री येताहेत. भिंतीचा एक पट्टा बदला, तिथे माणूस उभा करा. सुखी दिसला पाहिजे."

आमच्या धंद्यात कोणी काही पुसत नाही, वर थर चढवून नुसतं झाकून ठेवतात. वरच्यांचं मन कधी फिरेल सांगता येत नाही. मी संगणकावर त्या फोटोची जुनी फाईल उघडून वरचा थर काढला. दादा तिथेच उभा होता, हसत. प्रत्येक प्रिंटला साहेबांची सही लागते आणि खात्यात फोन दारातच जमा होतो, म्हणून इतकी वर्षं त्याला बाहेर काढता आलं नव्हतं. आज साहेबांनी स्वतः सही केली. जुळवून बघायला त्यांच्याकडे दादाचा एकही फोटो नव्हता; खात्याने काम चोख केलं होतं.

"शाब्बास! काय समाधान आहे चेहऱ्यावर!"

रविवारी आईला नेलं. चकार शब्द काढायचा नाही, असं बजावलं होतं. ती त्याच्यासमोर उभी राहिली ती हलेचना. मला रडू आवरेना, ती मात्र कोरडी.

"आजी, पुढे सरका," रखवालदार म्हणाला.

"हा कोण रे?"

"असेल कोणी कामगार."

"बरा दिसतो," आई म्हणाली आणि पिशवीतून फोन काढून रखवालदाराच्या हातात ठेवला. "याच्याशेजारी माझा एक फोटो काढ."

त्याने दोन काढले.