टोनोपाच्या पलीकडे विझलेला तारा

मी सॅन होजेत चिपच्या कंपनीत नोकरी करायचे आणि उरलेल्या वेळात आमच्या बातम्यांच्या साइटवर भांडणं मिटवायचे. कुणीतरी विज्ञानाची, कंप्युटरची नाहीतर धंद्याची बातमी आणून टाकायचं आणि खाली शेकडो जण तिचा कीस पाडायचे. त्यात ड्वेन हॅलोरन सगळ्यांचा बाप. कुठलीही बातमी असो, त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं: पुरावा कुठाय?

रिनोच्या मार्लिस एंगस्ट्रॉम निवृत्त शिक्षिका. त्यांनी एकदा एक बारकी बातमी टाकली. एक लघुग्रह एका ताऱ्यासमोरून सरकणार होता आणि त्याची सावली नेवाडाच्या वाळवंटावरून जाणार होती. सावलीच्या वाटेत ठिकठिकाणी छोट्या दुर्बिणी लावून तारा कुठे किती वेळ झाकला जातो ते टिपलं, तर त्या दगडाचा आकार कळणार होता. एकट्या मोठ्या दुर्बिणीचं ते काम नव्हतं. माणसं हवी होती.

ड्वेनने लिहिलं की ढग येतील, निम्मे लोक उगवणारच नाहीत आणि उरलेले भलताच तारा बघत बसतील.

मार्लिसबाईंनी उत्तर दिलं, "मग बरोबर तारा बघणारा एक तरी हवा. तू ये."

तो आला. बाईंनी आम्हा दोघांना टोनोपा गावाच्या पलीकडे, सावलीच्या बरंच बाहेर धाडलं. तिथे काही दिसणार नव्हतं, पण 'काही दिसलं नाही' हेही नोंदवायला कुणीतरी लागतं. ड्वेन रस्ताभर कुरकुरत होता की आपल्याला न येणाऱ्या पाहुण्याची वाट बघायला बसवलंय.

दिवस मावळला. गार वारा सुटला. दोन दुर्बिणी शेजारी शेजारी लावून आम्ही कॅमेरे सुरू केले आणि पडद्यावरच्या त्या ठिपक्याकडे बघत राहिलो. सावलीची वेळ आली आणि गेली. ड्वेन आवरायला उठला, आणि तेवढ्यात तारा गेला. मंद नाही झाला, विझलाच. श्वास घेईपर्यंत पुन्हा जागेवर.

ड्वेन पडद्यावरची नजर न काढता हळूच म्हणाला, "तुलाही दिसलं?"

"दिसलं."

तो तसाच खाली खडीवर बसला. "मला हे दुसऱ्या कुणी सांगितलं असतं ना, तर मी त्याला सोलून काढला असता."

दुसऱ्या दिवशी साइटवर त्यालाच सगळ्यांनी सोललं. कॅमेरा हलला असेल, पक्षी आडवा गेला असेल, पुरावा कुठाय? ड्वेनने न चिडता एकेकाला उत्तर दिलं. दोन्ही कॅमेऱ्यांनी तारा एकाच क्षणी हरवलेला टिपला होता. मग मार्लिसबाईंनी सगळ्यांच्या नोंदी एकत्र मांडल्या. मधे घेवड्याच्या दाण्यासारखा वाकडा दगड उमटला, आणि त्याच्यापासून दूर, फक्त आमच्या नोंदीत सापडलेला एक इवलासा तुकडा. त्या लघुग्रहाला चंद्र होता. पुढे मोठ्या वेधशाळांनी तपासलं. त्यांनाही तो सापडला.

ती बातमी आली त्या दिवशी ड्वेनने मला ऑफिसात फोन केला.

म्हणाला, "आपण खाली भांडत होतो, तेव्हाही तो तिथे फिरतच होता गं."

मी हो म्हटलं. फोन मात्र दोघांपैकी कुणीच ठेवला नाही.