स्प्रिंगमागचा वॉशर

शववाहिकेच्या टर्बोतून तिसऱ्यांदा तेल गळायला लागलं, तेव्हा बाबांनी लेकीकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी थेट तिच्या पान्यांच्या पेटीकडे पाहिलं.

"उद्या संध्याकाळपर्यंत," ते म्हणाले. "नाहीतर पेटी भावाकडे आणि तू फोनवर."

भाऊ गॅरेजच्या फोनवर बसायचा. त्याला गाडीतलं एवढंच कळायचं की ती पुढे जाते, आणि गिऱ्हाईक चिडलं की परतही येते. पेटी आपल्या गळ्यात पडणार या विचारानं त्याचाच चेहरा उतरला होता, पण त्याचं मत कुणी विचारलं नव्हतं.

शववाहिकेचा ड्रायव्हर तक्रारही अदबीनं करायचा. धंद्याची सवय असेल. "ताई, मागून चालणारे खोकतात हो. परवा एका आजोबांच्या वेळी सगळे ढसाढसा रडत होते. घरच्यांना इतकं बरं वाटलं! मग एक गृहस्थ माझ्या खिडकीशी येऊन म्हणाले, 'धूर जरा कमी करता का? मी नुसता शेजारी आहे.'"

पहिल्या वेळी तिनं टर्बोच नवा बसवला होता. दुसऱ्या वेळी सगळी सीलं बदलली आणि तेल परत जायचा पाइप इतका घासला की त्यात तोंड दिसेल. दोन्ही वेळा आठवडाभर गाडी गुणी बाळासारखी वागली आणि मग पुन्हा निळा धूर. दोन्ही वेळा बाबा चार माणसांत म्हणाले होते, "हाताला वळण नाही तिच्या."

या खेपेला तिनं आधी काहीच केलं नाही. अर्धा तास हाताची घडी घालून नुसती बॉनेटमध्ये बघत उभी राहिली. मग टर्बोला तेल नेणाऱ्या नळीवर दाबाचं मीटर बसवलं आणि ड्रायव्हरला रेस द्यायला सांगितली. काटा चारावर थांबायला हवा होता. तो सातावर जाऊन थरथरत राहिला. बिचारी सीलं काय करणार? दारावर पडदा लावायचा आणि पूर थांबव म्हणायचं, असला प्रकार. जादाचं तेल सीलं ओलांडून धुराच्या वाटेला जात होतं आणि तिथं जळत होतं.

दाब वाढला की जादाचं तेल खाली सोडून द्यायला इंजिनात एक झडप असते, स्प्रिंगनं दाबून बसवलेली. तिनं ती उघडली. स्प्रिंगमागे एक वॉशर होता. कंपनीनं तो तिथं ठेवलेला नव्हता. त्याच्या जाडीमुळे स्प्रिंग आणखी आवळली होती आणि झडप उघडायला तयार नव्हती.

वॉशरची कड कानशीनं घासून गोल केलेली होती. ती कड तिनं लांबूनही ओळखली असती. बाबांच्या खिशात खोकल्याच्या गोळ्यांची पत्र्याची डबी असायची आणि तिच्यात असे वॉशर असायचे. इतर मुलांचे बाप जेवणानंतर गोष्टी सांगायचे, तिचे बाबा वॉशर घासायचे. हाताखालून गेलेल्या प्रत्येक इंजिनात एक. 'यांच्या हातच्या गाडीत तेलाच्या दाबाचा काटा कधी पडत नाही' ही त्यांची ख्याती त्या डबीतूनच निघाली होती. जुन्या इंजिनांना टर्बो नसायचा. ती वाढलेला दाब मुकाट सहन करायची. घरात हे काम आईकडे होतं.

तिनं वॉशर तळहातावर ठेवून बाबांपुढे धरला. "तुमचा आहे."

"माझाच आहे. मग?"

"याच्यामुळे गळतंय. बघा."

वॉशरशिवाय झडप बसवून तिनं इंजिन चालू केलं. मीटर चारावर थांबलं. गाडीतला काटाही रोजच्या जागेवरून खाली आला आणि ड्रायव्हर सीटवरून जवळजवळ उठलाच.

"अहो, काटा पडला की! काल तर चांगला ताठ होता!"

"जीव काढलास इंजिनाचा," बाबा म्हणाले. "तीस वर्षं झाली, एकानं तरी तक्रार केली का? ठेव तो जागच्या जागी."

"बाबा, तीस वर्षांपूर्वी टर्बो..."

"ठेव म्हटलं ना!"

"ठेवा हो ताई," ड्रायव्हर अजिजीनं म्हणाला. "आमच्या गाडीत निदान एक तरी गोष्ट ताठ उभी असायला नको का?"

भाऊ हसला. बाबा हसले. तिनं वॉशर ठेवला.

दुपारी सगळे जेवायला गेले, तेव्हा ती लेथपाशी थांबली. नळीतलं तेल ज्या पोकळ बोल्टातून टर्बोत शिरायचं, तसाच पितळेचा दुसरा तिनं तयार केला, फक्त आत दीड मिलिमीटरचंच भोक ठेवलं. म्हणजे इंजिनात बाबांचं राज्य, आणि टर्बोच्या दाराशी तिचा पहारेकरी. बोल्ट बसवून मीटर लावलं. टर्बोपाशी दाब बरोबर होता. गाडीतला काटा पूर्वीसारखाच ताठ. फाजील दाबानं उद्या ऑइल फिल्टर फुटला तर काय, हा प्रश्न तिला पडला. पण तो फोनवरच्या माणसाचा प्रश्न होता आणि आज तरी ती फोनवर नव्हती.

पंधरा दिवस झाले. धूर नाही. ड्रायव्हर मुद्दाम सांगायला आला की आता लोक फारसे रडत नाहीत.

"बघितलंस?" बाबा तिला सगळ्यांसमोर म्हणाले. "वॉशर होता तिथंच आहे, आणि गळती बंद. दोष हाताचा होता. आता वळण आलं."

सांगावं असं तिच्या जिभेवर आलं होतं. पेटी तिच्या पायाशी होती. तिनं ती पायानं जवळ ओढली.

मग बाबांनी खिशातून डबी काढली. क्षणभर हातात धरून ठेवली आणि तिच्यापुढे केली. त्यांचे डोळे ओले होते, आणि या वेळी धुराचा काही संबंध नव्हता. "माझ्यामागे हे तुलाच. भावाला नाही देणार."

तिनं डबी घेतली. लहानपणी हिला हात लावला म्हणून मार खाल्ला होता. झाकण उघडलं. डबी अर्धीच भरली होती. उरलेली अर्धी रस्त्यावर फिरत होती.

आत फोन वाजला. भाऊ ओरडला, "ताई, बेकरीची गाडी आहे, आपलंच जुनं गिऱ्हाईक. परवा नवा टर्बो बसवलाय म्हणे, आणि धूर येतोय. कुठल्या रंगाचा ते विचारू का?"

"नको," ती म्हणाली आणि दीड मिलिमीटरचं ड्रिल शोधायला लागली.