पोटातल्या खुणा

सुरजने दाराला पाठ लावली होती. कुरकुंभच्या त्या भाड्याच्या खोलीला दुसरे दार नव्हते. कोपऱ्यात त्याची बायको मोनिका पोट आवळून बसली होती. तिचा ओठ फाटून हनुवटीवर रक्त सुकले होते. सातवा महिना चालू होता आणि सकाळच्या मारानंतर बाळाची हालचाल जाणवत नव्हती. तिला दौंडच्या दवाखान्यात नेण्यासाठी नणंद धनश्री पुण्याहून धावत आली होती.

"मला कशाला बोलतीस, धने? आबांनी आईला बडवली तवा मी पोटात होतो. माझ्या मेंदूत खुणा बसल्यात, हे तूच सांगितलंस न्हवं?"

धनश्री गर्भातील वाढत्या चेतापेशींवर संशोधन करीत असे. दिवाळीत तिनेच भावाला मायेने समजावले होते की जनुके सगळ्या पेशींत तीच असतात. त्यांतल्या कोणत्यांनी बोलायचे आणि कोणत्यांनी गप्प बसायचे, हे त्यांवरच्या रासायनिक खुणा ठरवतात. आईच्या भीतीने गर्भात या खुणा बदलू शकतात. त्या पुढे पुसल्याही जाऊ शकतात, असेही ती म्हणाली होती. सुरजने सोयीचे तेवढे उचलले होते.

त्यांची आई म्हाळसाबाई गॅसपाशी उभी होती. ती हळूच म्हणाली, "ही धनश्री पोटात असताना तर त्यांनी माझा हात मोडला, सुरज. हिनं कुणावर हात टाकलाय?"

सुरज हसला, पुढे झाला आणि त्याने मोनिकाच्या पोटावर लाथ उगारली. धनश्रीने त्याच्याच हत्यारांच्या पिशवीतला मोठा लोखंडी पाना उचलून त्याच्या नडगीवर घातला. हाड कडकन मोडले. फरशीवर कोसळलेल्या सुरजने कळवळतानाही दात विचकले.

"बघ आई. हिलाबी खुणा बसल्यात."

"असतील," धनश्री म्हणाली. पाना पुन्हा उगारलेला होता आणि तिचे सर्वांग दुसरा घाव मागत होते. तिने तो खाली ठेवला. "हे मात्र तुला कवा जमलं न्हाई, दादा."

म्हाळसाबाईने सुनेला उठवले. लेकाचा पाय ओलांडून तिघी बाहेर पडल्या.

दौंडला डॉक्टरांनी यंत्र लावून बाळाचे ठोके ऐकवले. ठोके नीट पडत होते. मोनिकाला रडू फुटले. तिचे डोळे पुसावेत म्हणून धनश्रीने हात वर केला, तोच मोनिकाने दोन्ही हातांनी पोट झाकले.