उघडा राहिलेला बिस्किटांचा डबा

माझ्या सासूबाई फ्राउक्ये वाढदिवसाला आलेल्यांना कॉफीबरोबर एकच बिस्कीट देतात आणि लगेच डब्याचं झाकण लावतात. नेदरलँड्समधल्या आमच्या फ्रीसलंडात सगळेच तसं करतात, पण सासूबाईंच्या झाकणाचा आवाज शेजारच्यांनाही ऐकू जातो.

यंदा त्यांना नागीण झाली. नागीण बरी झाली तरी पाठीची आग थांबेना, म्हणून डॉक्टरांनी प्रिगॅबालिनच्या गोळ्या दिल्या. त्यानंतर आला त्यांचा वाढदिवस. आम्ही सगळे खुर्च्या गोलाकार मांडून बसलो होतो. सासूबाईंनी डबा फिरवला आणि उघडाच टेबलावर ठेवला. वर म्हणाल्या, "घ्या की अजून एक."

कुणीही लगेच हात पुढे केला नाही. नणंद सीत्स्के माझ्या कानाशी लागली. "वहिनी, आईच्या डोक्याला काहीतरी झालंय. अँब्युलन्स बोलवायची का?"

माझ्या नवऱ्याने डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर म्हणाले, "घाबरू नका. ही गोळी नसांचा आरडाओरडा कमी करते. पण दुखण्याचा आरडाओरडा कुठला आणि स्वभावाचा कुठला, हे तिला काय कळणार? काहींना गुंगी येते, काही उगाच खुशीत येतात. डोस कमी करू या."

"करा, आजच करा," नवरा म्हणाला.

मी त्याच्या हातातून फोन हिसकावून घेतला. तोंडातलं दुसरं बिस्कीट आधी नीट गिळलं.

"डॉक्टर, या गोळीने आम्हा दोघींचं दुखणं थांबलंय. डोसला हात लावू नका."