आया अजून आत

केसाएवढेही जाड नसलेल्या त्या जंतांनी संशोधक मुलीला पुरतं कामाला लावलं होतं. गर्दी झाली की हे जंत एक रसायन सोडतात. त्याचा सुगावा लागला की पिल्लं वाढायचं थांबतात आणि तोंड मिटून पडून राहतात. किती रसायनाला किती पिल्लं थांबतात, हे तिला मोजायचं होतं. जेली भरलेल्या प्रत्येक प्लेटवर दहा आया, म्हणजे अंडी घालणारे मोठे जंत, सोडायच्या, चार तासांनी तारेने उचलून घ्यायच्या आणि तीन दिवसांनी शंभर पिल्लं मोजायची.

पहिल्याच खेपेला घोळ झाला. रसायन न घातलेल्या साध्या प्लेटांवरही निम्मी पिल्लं थांबलेली. सरांनी बैठकीत कारण विचारलं, तेव्हा हिने बिनदिक्कत सांगून टाकलं, की प्लेटांमधली जेली मावशी ओततात, त्यांच्याकडून रसायनाच्या आणि साध्या प्लेटांची अदलाबदल झाली असेल. मावशी म्हणजे प्रयोगशाळेतल्या सर्वांत जुन्या मदतनीस. बावीस वर्षांत त्यांनी इकडची प्लेट तिकडे केली नव्हती. सरांनी सगळ्यांदेखत त्यांना तळघरात बाटल्या धुवायला धाडलं. मावशी खाली गेल्या.

दुसऱ्या खेपेला आकडे चोख आले. माणूस हलवला आणि प्रयोग मार्गी लागला, असं सर म्हणाले. हिनेही मान डोलावली.

आज जुन्या प्लेटा फेकायला काढल्या, तर पहिल्या खेपेच्या साध्या प्लेटांच्या डब्याच्या मागच्या बाजूला मावशींचं अक्षर. घरी जाताना प्रत्येक डब्यावर काहीबाही लिहून ठेवायची त्यांची सवयच होती. 'संध्याकाळी सहा. आया अजून आत.'

त्या दिवशी आया दुपारी चारला उचलायच्या होत्या, पण ती मैत्रिणींबरोबर सिनेमाला सटकली होती. आया उचलल्या दुसऱ्या दिवशी सकाळी, आणि वहीत खुशाल ठोकून दिलं, चार तास. रात्रभर आया अंडी घालत राहिल्या, म्हणून प्लेटांवर पिल्लांची झुंबड उडाली होती, आणि त्या गर्दीनेच रसायन सोडलं होतं. तिला स्वतःची शरम वाटली, तोंड लपवावं इतकी.

तळघरात मावशी बाटल्या विसळत होत्या. तिने डबा पुढे धरून सगळं एका दमात सांगितलं आणि माफी मागितली. मावशींनी नळ बंद केला.

"तेव्हाच का नाही बोललात, मावशी?"

"तू समोरच उभी होतीस. वाटलं, तूच सांगशील." मावशींनी हात पुसले. "सरांना सांगितलंस?"

"आधी तुमच्याकडे आले."

"हो, इथे सोपं आहे," मावशी म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, तेच तिला जास्त लागलं.

वर आठवड्याची बैठक भरली होती. त्या दिवशी होते तेच सगळे बसले होते. तिने डबा टेबलावर ठेवला, मागची बाजू सरांकडे वळवली आणि ती ओळ वाचली. मग म्हणाली, "चूक मावशींची नव्हती, आया उचलायच्या सोडून मी सिनेमाला गेले होते."