उरलेल्या चार थेंबांची कुपी

मित्रांनो, मला हातात घ्यायला तुम्ही घाबराल का? खरं सांगा हं! हे विचारून दाखव, अशी पैजच फ्रीझरमधल्या मैत्रिणींनी माझ्याशी लावली होती. घ्या, विचारलं!

मी बोटाच्या पेराएवढी एक प्लॅस्टिकची कुपी आहे. साच्यातून माझ्यासारख्या हजारो जणी टपाटप पडल्या. पुढे प्रयोगशाळेत माझ्या पोटात एका मुलीच्या रक्तातलं पिवळसर पाणी भरलं. तिच्या कोपरावर चट्टा होता. तिथे चिमटा काढला तरी तिला कळत नसे. कुष्ठरोग! गोळ्या सुरू झाल्या, आणि आईबाबांनी तिची शाळा बंद केली.

मी गोठवणाऱ्या काळोखात बसले. दार उघडलं की काळजात धस्स व्हायचं. पुन्हापुन्हा वितळवलं तर माझ्यातली प्रतिपिंडं, म्हणजे जंतूला ओळखणारे पहारेकरी, निकामी होतात ना! एकदा जंतूची प्रथिनं पसरलेल्या पट्टीवर माझे काही थेंब सोडले. काय कौतुक झालं माझं! मग पुन्हा काळोख.

एके दिवशी मला बर्फात खोचून टेबलावर आणलं. समोर तीच मुलगी, आईबाबांसोबत. मला पुन्हा वापरायची परवानगी विचारायला संशोधक ताईंनी त्यांना बोलावलं होतं.

"ती बाटली फेकून द्या," बाबा म्हणाले. "रोग आहे त्यात. कुणाला कळलं तर पोरीचं वाटोळं होईल."

"यात रोग नाही, रोगाला ओळखणारे आहेत," संशोधक ताई म्हणाल्या. "वर नाव नाही, नुसता नंबर आहे. तरी तुम्ही म्हणालात तर आत्ता नष्ट करते."

त्यांनी कचऱ्याचा लाल डबा उघडला. माझी तर बोबडीच वळली! मित्रांनो, आम्हाला जपा हो. आणि ज्यांचं रक्त आमच्यात आहे, त्यांना तर आधी जपा!

मुलगी मात्र टेबलावरच्या दोन पट्ट्या बघत होती. निरोगी माणसाची कोरी होती. तिच्या पट्टीवर काळी रेघ होती.

"हे काय?"

"जंतूचा तुकडा. तुझ्या पहारेकऱ्यांनी धरून दिला. खात्री पटली, तर इतरांचा रोग चट्ट्याआधीच ओळखता येईल कदाचित. पण पुन्हा तपासायला हवं. औषधानं तुझा रोग गेला, म्हणून तुझ्या अंगातले पहारेकरी आता कमी झालेत. उरलेत ते याच चार थेंबांत."

"म्हणजे माझ्या रक्तानं चोर पकडला?" मुलगी ओरडलीच.

"अगं, हळू बोल!" आईने घाबरून दाराकडे पाहिलं.

"हळू बोलून बोलून मी घरात कोंडली गेले, आई!" ती बाबांकडे वळली. "बाबा, कुपी इथेच राहणार. आणि सोमवारपासून मी शाळेत जाणार. कुणी विचारलं, तर काय झालं होतं ते मीच सांगणार."